तांदळाचे होस्ट चालत नाहीत

वसईतल्या आमच्या चर्चची साक्रिस्ती, म्हणजे वेदीची तयारी होते ती खोली, मी सांभाळतो. लोकांना वाटतं, मेणबत्त्या लावायच्या नि घंटा वाजवायची. खरं काम अंदाजाचं. मिस्सेला, म्हणजे आमच्या उपासनेला, माणसं किती येतील, होस्ट, म्हणजे वाटायच्या भाकरीच्या पातळ चकत्या, किती ठेवायचे. कारण एकदा अभिषेक होऊन तो पवित्र झाला की उरलेला होस्ट म्हणजे ख्रिस्तशरीर, तो टाकता येत नाही.

पहिल्या कम्युनियनच्या, म्हणजे मुलं पहिल्यांदा होस्ट घेतात त्या विधीच्या, आठवड्यात एक बाई स्टीलचा डबा घेऊन आल्या. "काका, पोरीला गहू चालत नाही. डॉक्टरांनी कणभरसुद्धा नको म्हटलंय. हे तांदळाचे घरी केलेत, आमच्याच शेतातला तांदूळ." आत बाटलीच्या झाकणाने कापलेल्या पातळ चकत्या, प्रत्येकीवर सुरीच्या टोकाने क्रूस काढलेला.

चर्चच्या कायद्याचं कलम 924 सांगतं, भाकर निव्वळ गव्हाची. 2017 साली व्हॅटिकनने पुन्हा बजावलं: ग्लुटेन (गव्हातला चिकट घटक) कमी केलेला होस्ट चालेल, अजिबात नसलेला नाही. त्या पोरीला कमीवालाही नको. मग उरला फक्त द्राक्षारस; कम्युनियन नुसत्या त्यानेही घेता येतं.

इथे माझं काम सुरू झालं. भाकर मोडल्यावर फादर तिचा एक तुकडा प्याल्यात टाकतात, म्हणजे तो मुख्य प्याला तिच्यासाठी बाद. तिच्यासाठी छोटा प्याला वेगळा काढला, पुसायचा रुमाल वेगळा, वेदीवर जागाही होस्टच्या ताटापासून लांब. द्यायला दुसरे फादर, ज्यांनी होस्ट हाताळले नव्हते. कमिटीतले एक गृहस्थ म्हणाले, "एवढ्याशा तुकड्याने काय होतंय?" असल्या लोकांना वेदीच्या आसपास फिरकू देऊ नये.

पोरीचं सगळं नीट पार पडलं. डोक्यात राहिला तो डबा.

अर्पणाच्या वेळी फादर भाकर उचलून म्हणतात, ही जमिनीने दिली, माणसाच्या हातांनी घडवली. यहुदी घरात जेवणाआधी भाकरीवर आशीर्वचन म्हणतात, त्याच घाटाची ही प्रार्थना. आमचे होस्ट पाकिटातून येतात. त्या प्रार्थनेत बाईंच्या चकत्या जास्त शोभतात. ऑक्टोबरात आगेराला, म्हणजे सुगीच्या सणाला, आम्ही भाताच्या लोंब्या वाजतगाजत आणून त्यांना आशीर्वाद देतो. तोच तांदूळ ताटात मात्र चालत नाही.

फादर म्हणाले, "पवित्र आपण करत नाही, तो करतो. आणि कशाचं करणार, तेही त्यानेच ठरवलंय." हे मला पटतं. पण बायबलातल्या लेवीयच्या पाचव्या अध्यायात पापाच्या अर्पणाला कोकरू परवडत नसेल तर दोन पारवे, तेही नसतील तर नुसतं सपीठ चालतं, त्यात तेल नको की ऊद नको. येशूच्या आईबापांनी, मरिया-योसेफनेही मंदिरात पाखरांची जोडीच नेली होती. तिथे देव माणसाच्या ऐपतीपर्यंत खाली आला. इथे प्रश्न ऐपतीचा नव्हता, पोटाचा होता.

डबा शेवटी अर्पणाच्या मिरवणुकीत आला, गरिबांसाठीच्या धान्यासोबत. आईनेच आणला. धर्मशिक्षणाच्या फॉर्मवर 'काय खायला चालत नाही' असा रकाना घाला, असं मी ऑफिसात सांगितलंय. फॉर्म आधीच छापून आलेत म्हणे. मी पेनाने रकाने आखतोय.