आमची वाटचाल : शंभर किलोहर्ट्झचं कार्ड

आमच्या फर्मची ओळख एका कार्डावर आहे. ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या लायसन्स-फ्री पट्ट्यात चालणाऱ्या टेलिमेट्री (दूरची मापं रेडिओने पाठवणाऱ्या) रिसीव्हरचं बेसबँड फिल्टर कार्ड, म्हणजे आपला चॅनेल ठेवून बाकीचे सिग्नल गाळणारं. मिक्सरमधून आय आणि क्यू (एकाच सिग्नलच्या ९० अंश फेजच्या अंतराच्या दोन वाटा) थेट बाहेर येतात, चॅनेल २०० किलोहर्ट्झचा, म्हणून दोन्ही वाटांवर १०० किलोहर्ट्झ कटऑफचा (त्यावरचं कापणारा) चौथ्या ऑर्डरचा, म्हणजे दोन स्टेजचा, बटरवर्थ लो-पास आणि पुढे एडीसी, म्हणजे सिग्नलचे आकडे करणारी चिप. यात काय मोठंसं, असं अजूनही विचारतात लोक. सर्किट तर सॅलन आणि की या दोघांनी एमआयटीच्या लिंकन लॅबमध्ये १९५५ सालीच देऊन ठेवलंय. खरं आहे, सर्किट सगळ्यांकडे असतं.

दुसरी स्टेज बघा, तिथेच सगळी मेख आहे. क्यू-फॅक्टर (कटऑफजवळ स्टेज किती उसळते त्याचं माप) हवा १.३०७. युनिटी गेनला (सिग्नल न वाढवता) दोन कॅपॅसिटरचं गुणोत्तर क्यू-फॅक्टरच्या वर्गाच्या चौपट, म्हणजे ६.८३. बाजारात मिळणाऱ्या किमतींत १.५ नॅनो आणि २२० पिकोफॅरड ही जोडी ६.८२ वर बसते, याहून चांगली सहसा सापडत नाही. मग दोन्ही रेझिस्टर येतात २.७७ के, म्हणजे किलो-ओहम. ती किंमत ई-९६ मध्ये (एक टक्क्याच्या रेझिस्टरच्या ठरलेल्या किमतींत) नाही, एक २.७४ आणि एक २.८० लावला की गुणाकार तोच राहतो. पहिल्या स्टेजला १.२ नॅनो, १ नॅनो, १.६९ के, १.२४ के. ऑपअँप (फिल्टर चालवणारी अँप्लिफायर चिप) ओपीए २३५०, ३८ मेगाहर्ट्झ गेन-बँडविड्थचा, म्हणजे तेवढ्या वेगाचा. आमचा हिशेब साधा : कटऑफ गुणिले क्यू-फॅक्टर गुणिले शंभर. इथे तो १३ मेगाहर्ट्झ येतो, त्याखाली उतरायचं नाही.

पहिली बरीच वर्षं ऑर्डरी येत होत्या, कार्डं जात होती. मग २०२१ उजाडलं. चिपचा दुष्काळ पडला आणि ऑपअँपची रिळं ब्रोकरकडून सांगतील त्या भावाने उचलावी लागली. सगळं भांडवल त्या रिळांत अडकलेलं असतानाच, आमच्याच एमआयडीसीतल्या एकाने आमचं कार्ड समोर ठेवून दिसायला हुबेहूब उतरवलं. सिल्कस्क्रीनचा (कार्डावरच्या छपाईचा) फॉन्टसुद्धा तोच! टेंडरमध्ये तो एल-वन (सर्वांत कमी भावाचा) आला आणि आमची वर्षाची मोठी ऑर्डर गेली. फर्मला कुलूप लागायचंच बाकी होतं.

त्याने काय बदललं ते सांगतो, नावाशी आपल्याला कर्तव्य नाही. २.७४ आणि २.८० ही त्याला आमची छपाईची चूक वाटली असावी. दोन्हीकडे पाच टक्क्यांचे २.७ के ठोकले. एनपीओ (स्थिर सिरॅमिक) कॅपॅसिटरच्या जागी दहा टक्क्यांचे एक्स-सेव्हन-आर, हेही सिरॅमिकच पण कमी स्थिर. ऑपअँप त्याच आठ पायांचा, पण १ मेगाहर्ट्झचा, स्लू रेट (आउटपुट बदलण्याचा कमाल वेग) ०.६ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद. १ व्होल्ट पीकचा १०० किलोहर्ट्झ सिग्नल द्यायलाच ०.६३ लागतो!

आता परिणाम. कटऑफजवळ आय आणि क्यूच्या फिल्टरमध्ये एक टक्का फरक पडला, तर फेज दोनेक अंशांनी आणि अँप्लिट्यूड दोन टक्क्यांनी हलते. इमेज रिजेक्शन (सिग्नलची नको असलेली आरशातली प्रतिमा दाबण्याची ताकद) तिथे ३३-३४ डीबीवर येतं. पाच टक्के फरक पडला की जेमतेम २० डीबी. दहा टक्क्यांच्या मालात पाच टक्के फरक कधीही निघतो. शिवाय एक्स-सेव्हन-आर हा पिझो जातीचा, म्हणजे हादऱ्याने व्होल्टेज निर्माण करणारा. ग्राउंडकडे जाणाऱ्या कॅपॅसिटरवर २.५ व्होल्ट डीसी कायम असतो. पंपहाउसच्या पॅनेलमध्ये मोटर थरथरली की ती थरथर सिग्नल होऊन एडीसीत जाते. आणि हळू ऑपअँपचा आउटपुट इंपीडन्स वरच्या फ्रिक्वेन्सीला वाढतो, त्यामुळे शेजारच्या चॅनेलचा सिग्नल १.५ नॅनोतून सरळ पलीकडे निघतो. फिल्टरचा ग्राफ खाली जाऊन पुन्हा वर चढताना दिसतो, तो हाच. ऑपअँप हळूच वापरायचा असेल तर निदान मल्टिपल फीडबॅक टोपोलॉजी (फिल्टर जोडण्याची दुसरी पद्धत) घ्या, तिथे ही गळती कमी असते.

आम्हाला तगवलं ते सांगलीकडच्या एका ग्राहकाने. नदीच्या पाणीपातळीची यंत्रं बनवतात. त्यांचं पहिल्यापासून एकच : "भाऊ, आधी शीट पाठवा, मग बिल." शीट म्हणजे प्रत्येक कार्डाचा आय-क्यू जुळणीचा तक्ता, १०, ५० आणि ९० किलोहर्ट्झला. स्वस्त कार्ड त्यांच्याकडेही गेलं होतं. शीट मागितल्यावर समोरून उत्तरच आलं नाही. जुळणीसाठी आम्ही एकाच रिळातले शेजारचे कॅपॅसिटर एलसीआर मीटरवर (कॅपॅसिटरची नेमकी किंमत दाखवणाऱ्या) मोजून जोड्या लावतो. काम कंटाळवाणं आहे, मुली करतात आणि नीट करतात.

या धंद्यात नव्याने येणाऱ्यांनी विचारलेलं नाही, तरी सांगतो. ऑसिलोस्कोपचा प्रोब ऑपअँपच्या प्लस पिनला लावू नका. टेन-एक्स प्रोबचेही १०-१५ पिको त्या २२० पिकोला चिकटतात आणि कटऑफ तीनेक टक्के खाली दिसतो. मग पोरं उगाच रेझिस्टर बदलत बसतात. मोजायचं ते आउटपुटवर. कार्डाच्या तोंडाशी १०० ओहम आणि ४७ पिको ठेवाच, नाहीतर शेजारचा ट्रान्समीटर ऑपअँपच्या इनपुटवर रेक्टिफाय होतो (त्याचा डीसी बनतो) आणि डीसी पातळी सरकते.

ब्रोकरचा माल घेतलात तर आधी १०० के आणि १ के रेझिस्टर लावून १०१ चा गेन करा. अस्सल २३५० असेल तर माइनस थ्री डीबी (गेन ७० टक्क्यांवर उतरतो तो बिंदू) पावणेचारशे किलोहर्ट्झच्या आसपास येईल. १० किलोहर्ट्झलाच बसला, तर वरचं नाव घासून छापलेलं आहे. रीळ परत करा, पैसे मिळोत न मिळोत.

सध्या अरुंद चॅनेलसाठी ५० किलोहर्ट्झचं कार्ड काढलंय. कॅपॅसिटर सगळे तेच. दुसऱ्या स्टेजला २.७४ च्या जागी ५.४९ आणि २.८० च्या जागी ५.६२. रेझिस्टर दुप्पट, म्हणून त्यांचा दर हर्ट्झमागचा नॉइज ३ डीबीने वाढतो, तेवढं धरून चाला. ज्याला उतरवायचंय त्याने या वेळी आकडे तरी जसेच्या तसे उतरवावेत.