पावसाळ्यातला दूधसागर: आयोजकाला पैसे पाठवण्याआधी

ट्रेकच्या जाहिरातीत रेल्वेच्या पुलावरून काढलेला गोव्यातल्या दूधसागर धबधब्याचा फोटो असेल, तर आयोजकाला पहिला प्रश्न हाच विचारा: "त्या पुलावर नेणार का?" हो म्हणाला तर तो तुम्हाला कायदा मोडायला नेतोय. नाही म्हणाला तर फोटो दिशाभूल करणारा आहे. दोन्ही वेळा पैसे भरू नका.

आम्हाला घाटमाथ्यावरच्या कॅसलरॉक स्टेशनहून रुळांच्या कडेने बोगदे पार करत उतरायचं, असं सांगितलं होतं. पुण्याहून बस सुटल्यावर रात्री कळलं की तसं काही नाही, घाटाखालच्या कुळे गावाहून जंगलातून चालायचं. रुळांवरून चालणं हा रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 2023 च्या जुलैत इथे पोलिसांनी पर्यटकांना उठाबशा काढायला लावल्या, त्याच्या चित्रफिती सगळ्यांनी पाहिल्यात. आयोजकांनी पाहिल्या नसतील, हे मी मानायला तयार नाही. बंदी माहीत असून जुनी वाट दाखवून पैसे गोळा करायचे, ही सरळ फसवणूक आहे.

"सर्व खर्च समाविष्ट" हेही तसंच. कुळ्यात उतरल्यावर वाटाड्याचे वेगळे, प्रवेशाचे वेगळे, लाइफ जॅकेटचे वेगळे. सकाळी सहाला, पावसात, बसभर माणसं उभी असताना कोण वाद घालणार? म्हणून हा हिशेब घरून निघण्याआधी लेखी मागा. या तीन गोष्टींची नावं घेऊन मागा.

आता वाट. एरवी पर्यटकांना धबधब्याकडे नेणाऱ्या जीप पावसाळ्यात बंद असतात, त्यामुळे कुळ्यापासून जीपच्याच कच्च्या रस्त्याने साधारण अकरा किलोमीटर जायचं आणि तितकंच परत. चढ नावालाच, सह्याद्रीत नेहमी फिरणाऱ्याला दम लागणार नाही. चिखल, जळवा, वर गच्च झाडोरा. हा सगळा भाग भगवान महावीर अभयारण्याचा आणि मोले राष्ट्रीय उद्यानाचा. चालायला मजा येते, यापलीकडे या टप्प्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

खरा प्रश्न पाण्याचा. जीपचा रस्ता मध्ये नदीचं पात्र ओलांडतो. जीपवाले ज्या पाण्यातून ऑक्टोबरात आरामात जातात, तिथे आम्हाला मांडीच्या वर पाणी लागलं, आणि ओढ असलेलं. तळाला गोटे, शेवाळलेले, पाय ठेवला की फिरणारे. आयोजकाच्या माणसांकडे दोर नव्हता. बसभर लोकांना जंगलात नेताना दोर नाही! दोर काढला तो कुळ्याच्या वाटाड्या काकांनी, स्वतःच्या पिशवीतून. त्यांनीच पलीकडे जाऊन तो झाडाला बांधला, आणि एकेकाला "पाण्याकडे बघू नका, माझ्याकडे बघा" म्हणत पार केलं. येताना पाऊस वाढला होता. काकांनी सगळ्यांना काठावर थांबवून ठेवलं आणि पाणी थोडं उतरल्यावरच सोडलं. आयोजकाचा पोरगा तोवर "बसला उशीर होतोय" एवढंच म्हणत होता. तुमच्या गटात असं झालं तर स्थानिक माणसाचं ऐका, बसचं नाही.

जीपतळानंतरचा शेवटचा किलोमीटरभर तुकडाही गुळगुळीत दगड आणि मुळांचा आहे. रबरी पकड असलेले बूटच घाला, सँडल नको. मोठ्या गटात इथे रांग लागते आणि मागचे ताटकळतात, तेव्हा पुढे राहा. जळवांसाठी मिठाची पुरचुंडी खिशात ठेवा, सॅकमध्ये नाही. मोबाइल दुहेरी प्लास्टिकमध्ये. खाऊ हातात धरून धबधब्यापाशी जाऊ नका, माकडं ओरबाडतात.

आणि धबधबा? सगळा राग तिथे विरघळला. 310 मीटरवरून मांडवी चार टप्प्यांत कोसळते, तळाशी बोललेलं ऐकू येत नाही, अंगावर येतं ते पाऊस की तुषार हेही कळत नाही. मधूनच धुकं फाटलं आणि पुलावरून मालगाडी गेली, धबधब्याच्या ऐन कमरेवरून. आम्ही सगळे ओरडत होतो. पुलावरून जे दिसत असेल ते असो, खालून जे दिसतं त्यासाठी मी उद्या पुन्हा चालेन. पाण्यात मात्र पावसाळ्यात उतरू नका, कुंड खोल आहे.

दुसऱ्या दिवशी तांबडी सुर्ल्याचं कदंबकालीन महादेव मंदिर पाहिलं. छान, निवांत, जरूर जा.

माझं स्पष्ट मत: घरात लहान मुलं किंवा गुडघ्यांचा त्रास असलेलं कुणी असेल, तर ऑक्टोबरनंतर जीपने जा. पावसात जायचं तर आयोजक नको. चार-सहा जण मिळून जा, कुळ्यात वाटाड्या घ्या, आणि तो दोर घेऊन आलाय का ते निघतानाच बघा. पुण्याहून गोवा एक्सप्रेस पहाटे कुळ्याला उतरवते. रात्रीच्या बसपेक्षा अंगही कमी आंबतं. परतीची तीच गाडी दुपारी वास्कोहून निघते. तिचं तिकीट मात्र ट्रेकच्या दुसऱ्या दिवसाचं काढा, नदीने अडवलं तर त्या दिवशीची चुकणारच. कुळ्याला घाटासाठी मागे जादा इंजिनं जोडतात, आणि मग गाडी त्याच पुलावरून जाते. फोटोतला पूल बघायचाच असेल, तर तो असा, तिकीट काढून, खिडकीतून बघा.