डिझेल गाडी पिकअप घेत नाही? आधी एअर फिल्टर उघडा

मराठवाड्यात उन्हाळ्यात शेतरस्त्यांवरची धूळ एअर फिल्टर लवकर चोंदवते. मॅन्युअलमधल्या आकड्यावर विसंबू नका. दर 5,000 किलोमीटरला फिल्टर काढून मागून टॉर्च मारा. उजेड आरपार येत नसेल तर बदला. हवा मारायचीच तर आतून बाहेर, हलकी. जोरात मारली की कागद फाटतो, मग धूळ थेट इंजिनात.

तरीही गाडी जड? चौथ्या गिअरमध्ये हळू चालवत अ‍ॅक्सिलेटर एकदम दाबा. आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) चढतो पण वेग वाढत नाही, म्हणजे क्लच घसरतोय. आरपीएमच चढत नसेल तर डिझेल फिल्टर बघा, त्यातलं पाणी काढा. काळा धूर आणि फुसफुस आवाज असेल तर टर्बोचा (इंजिनात जास्त हवा ढकलणारा भाग) होज, म्हणजे हवेची नळी, बहुधा चिरलीय. चेक इंजिन लाइट पेटली असेल तर आधी स्कॅनर (गाडीतला बिघाडाचा कोड वाचणारं यंत्र) लावा. अंदाजाने सेन्सर बदलत बसणं शुद्ध उधळपट्टी.