उंबऱ्यावरचा भुकेला

दाराची चौकट वाळवीने पोखरली म्हणून सुताराला बोलावलं होतं. माप घेता घेता तो म्हणाला, "उंबरा कशाला घालताय काकू? हल्ली कोणी घालत नाही. फरशी पुसायचा रोबो अडकतो." आमच्याकडे रोबो नाही. पण असता तरी "घालाच" म्हटलं असतं, आणि का ते सांगता आलं नसतं.

आजीला आलं असतं. उंबऱ्यावर बसू नये, शिंकू नये, उंबऱ्याच्या आतून बाहेर काही देऊ नये. तिन्हीसांजेला तर तिथे पाय टेकायची सोय नव्हती. "हिरण्यकशिपूला तिथंच फाडला," एवढं बोलून ती पुढ्यातल्या मेथीकडे वळायची. ना घरात ना बाहेर, ना दिवस ना रात्र. मला वाटायचं, आमच्याच उंबऱ्यावर फाडला. उजव्या अंगाला लाकडात तांबूस डाग होता, तो मी मैत्रिणींना दाखवायचे. दोघींनी तर नमस्कारही केला होता.

तेव्हापासून देवळात गेले की माझी नजर आधी खाली जाते. आपल्याकडच्या जुन्या दगडी देवळांत गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर एक तोंड कोरलेलं असतं: बटबटीत डोळे, फेंदारलेलं नाक, वर सुळे, आणि धड नाहीच. कीर्तिमुख. शंकराने राहूला खायला एक अक्राळविक्राळ प्राणी निर्माण केला, राहू शरण आला, मग भुकेल्याने खायचं काय? "स्वतःला खा," म्हणाले देव. त्याने हात, पाय, पोट सगळं खाल्लं आणि फक्त तोंड उरलं. देव खूश झाले, म्हणाले, तू माझ्या दारात राहा. आता त्याच्या डोळ्यांत हळदकुंकवाचा थर बसलेला असतो आणि नाक हात लावून लावून गुळगुळीत झालेलं असतं. कुणी मुद्दाम ठरवलं असेल का, की देवापुढे जाण्याआधी ही भूक ओलांडायची?

चौकटीच्या दोन्ही अंगांना खाली गंगा आणि यमुना, एक मगरीवर, एक कासवावर. मधून गेलं की स्नान झालं. वर ललाटबिंबावर, म्हणजे चौकटीच्या वरच्या पट्टीच्या मधोमध, बहुतेक ठिकाणी गणपती. एवढं सगळं दगडात सांगितलेलं असताना आपण "चला, चला, पुढे चला"च्या गर्दीत ढकलले जातो. त्यात हल्ली चौकटीला चांदीचा पत्रा ठोकायची हौस. गंगा आत, यमुना आत, वर चकचकीत वेलबुट्टी आणि देणगीदारांची नावं. माझा यावर राग आहे, आणि घरातल्यांना तो पाठ झाला आहे.

अंबरनाथच्या शिवमंदिराला मात्र कुणी पत्रा मारलेला नाही. शके ९८२, म्हणजे सन १०६० चा शिलालेख तिथे आहे. एरवी देवाकडे चढून जायचं, इथे दार ओलांडलं की गाभाऱ्यात पायऱ्या उतरायच्या. बाहेर भर दुपार आणि आत पायाखालचा दगड गार.

उतरताना एकदा चोखोबा आठवले. का, माहीत नाही. मंगळवेढ्याला गावकूस बांधताना ते कोसळलं आणि चोखोबा त्याखाली गेले. नामदेवांनी अस्थी गोळा करून आणल्या आणि पंढरपूरला महाद्वारासमोर समाधी बांधली, असं सांगतात. नामदेव स्वतः पायरीत. म्हणजे दाराशी दोघे, पण एकाने ती जागा मागून घेतली आणि दुसऱ्याला त्या दारातून आत जायची मुभाच नव्हती. ते दार दलितांना उघडावं म्हणून साने गुरुजी १९४७ च्या मे महिन्यात उपोषणाला बसले. चोखोबांनंतर सहाशे वर्षांनी.

आजीचं लग्न त्याच्या आधीच झालं होतं. पंढरपूरची वारीही तिने केली होती. उंबऱ्याचे एवढे नियम सांगणारी ती, या दाराबद्दल कधी काही बोलली नाही.