पाच हजार डॉलर आणि एक वटवाघूळ

रविवार, रात्री उशिरा

जेवणं आटोपल्यावर 'द डेव्हिल बॅट' हा हॉलिवूडचा भयपट लावला. १९४० सालचा, कृष्णधवल, सव्वा तासाच्याही आत संपणारा. कॉपीराइट कधीच संपलाय, त्यामुळे नेटवर फुकट सापडतो; प्रिंट मात्र पावसात भिजलेल्या वर्तमानपत्रासारखी. लेक पहिली पाच मिनिटं मोबाइलमध्ये डोकं घालून बसली होती, मग म्हणाली, "बाबा, तार दिसतेय की!" दिसणारच. वटवाघूळ तारेवरूनच येतं, ताठ पंखांनी, सरळ रेषेत, आणि माणूस बिचारा ते गळ्याशी पोचेपर्यंत थांबून राहतो.

गोष्ट अशी. हीथव्हिल नावाचं गाव, तिथे सौंदर्यप्रसाधनं बनवणारी कंपनी, आणि डॉ. कॅरुथर्स हा तिचा शास्त्रज्ञ. त्याच्या फॉर्म्युल्यावर मालक गब्बर झालेत. याने सुरुवातीला भागीदारी सोडून रोख रक्कम घेतलेली. आता मालक मंडळी मोठ्या मनाने पाच हजार डॉलरचा बोनस देतात आणि तिथेच गाडी घसरते. घरातल्या चोरखोलीत त्याने विजेच्या जोरावर वटवाघळं भलीमोठी केलेली असतात. ती एका वासावर धावून जातात, आणि तो वास त्याच्या नव्या आफ्टरशेव्हमध्ये. मग काय, मालकांच्या पोरांना एकेक करून बोलवायचं, बाटली हातात द्यायची, "गळ्याच्या नाजूक भागाला लावून बघा" म्हणायचं. समोरचा जाताना 'गुड नाइट' म्हणतो, हा 'गुडबाय' म्हणतो.

त्या 'गुडबाय'साठी मी हा सिनेमा पुन्हा पुन्हा बघतो. कॅरुथर्स झालेला बेला लुगोसी तो शब्द इतक्या चवीने उच्चारतो की समोरच्याला संशय कसा येत नाही, हेच नवल. बाकीचे नट संवाद म्हणून मोकळे होतात; हा एकटा शेक्सपिअर करत असल्यासारखा उभा. सेट पुठ्ठ्याचा, पण याच्या चेहऱ्यावर कुठेही 'काय हे काम मिळालंय' असा भाव नाही.

मधे एक गंमत आहे. बातमीदार आणि त्याचा फोटोग्राफर खोटं वटवाघूळ तयार करून फोटो छापतात आणि त्यावरच्या 'मेड इन जपान'मुळे पकडले जातात. आता त्या सिनेमातलं खोटं वटवाघूळ आणि खरं वटवाघूळ यांत मला तरी फारसा फरक दिसत नाही. दिग्दर्शक जाँ यारब्रोला हे कळत होतं का? मला वाटतं, चांगलंच कळत होतं.

हॉलिवूडमधल्या अशा छोट्या, कडकीतल्या स्टुडिओंना मिळून 'पॉव्हर्टी रो' म्हणत. त्यांतल्याच पीआरसी या कंपनीचा हा सिनेमा. तिचाच १९४२चा 'द मॅड मॉन्स्टर' घ्या. जॉर्ज झुकोचा डॉक्टर लांडग्याचं रक्त आपल्या साध्याभोळ्या गड्याला टोचतो. पण राक्षसापेक्षा मला लक्षात राहिलाय तो रिकाम्या खुर्च्यांशी बोलणारा डॉक्टर. ज्या प्राध्यापकांनी हसून त्याला बाहेर काढलं, ते समोर बसलेत असं समजून तो त्यांना आपलं संशोधन ऐकवतो, त्यांची उत्तरंही ऐकतो. हे वेड विज्ञानाचं नाहीच. अपमान गिळलेल्या माणसाचं आहे. या सिनेमांतले बहुतेक डॉक्टर असेच: कुणाचं श्रेय गेलेलं, कुणाचा हिस्सा बुडालेला, कुणाला विद्यापीठाने हाकललेलं. विजेच्या ठिणग्या, फेसाळणारे चंबू ही सगळी नंतरची आरास.

आणि लुगोसीचं स्वतःचं? १९३१च्या 'ड्रॅक्युला'साठी त्याला आठवड्याला ५०० डॉलर, सात आठवडे, म्हणजे एकूण ३५०० मिळाले. युनिव्हर्सल स्टुडिओने त्यावर बक्कळ कमावलं. नऊ वर्षांनी तोच माणूस एकरकमी पैसे घेऊन फसलेल्या शास्त्रज्ञाची भूमिका करतोय. लेखकांनी हे मुद्दाम योजलं असेल असं नाही, पण मालकांच्या श्रीमंतीबद्दल बोलताना त्याचा आवाज असा काही बदलतो की मी दरवेळी तिथे कान टवकारतो.

लेकीला दिग्दर्शक एड वूडच्या 'ब्राइड ऑफ द मॉन्स्टर'मधला ऑक्टोपसही दाखवला. १९५५चा सिनेमा. रबरी ऑक्टोपस ढिम्म हलत नाही, म्हणून पाण्यात पडलेला माणूसच त्याचे हात ओढून स्वतःभोवती गुंडाळतो आणि ओरडतो. ती हसून हसून लोळली. त्याच सिनेमात लुगोसीचा डॉक्टर सांगतो की आपल्याला घर नाही, आपल्याला हाकललं, जनावरासारखं जगायला लावलं. तेव्हा ती हसली नाही. "हा खरंच चांगला करतोय," म्हणाली. त्याच वर्षी मॉर्फिनच्या व्यसनातून सुटण्यासाठी तो स्वतःहून सरकारी इस्पितळात दाखल झाला होता, हे सांगितलं तिला. पुढच्याच वर्षी, १९५६च्या ऑगस्टमध्ये तो गेला.

आपल्याकडे रामसे बंधूंनी अशाच काटकसरीत भुतं उभी केली. १९७२चा 'दो गज जमीन के नीचे' तर महाबळेश्वरात, आणि तोही हिटच. पण त्यांचा राक्षस बहुतेकदा जुन्या हवेलीतून, शापातून येतो, प्रयोगशाळेतून नाही. शास्त्रज्ञाला वेड लागावं इतका भाव आपल्या पडद्यावर त्याला कुणी दिलाच कुठे!

शेवटी डॉ. कॅरुथर्सवरच त्याचं आफ्टरशेव्ह उडवलं जातं. वटवाघूळ येतं, ताठच, तारेवरून. मला मात्र त्या मालकांपेक्षा यालाच काहीतरी मिळायला हवं होतं असं वाटत राहतं. निदान दोन टक्के रॉयल्टी.