ओटी निगेटिव्ह

२०२५ च्या जानेवारीत पुण्यात जीबीएसचे, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम या हातापायांतली शक्ती घालवणाऱ्या नसांच्या आजाराचे, रुग्ण वाढायला लागले, तेव्हा आम्हा आरोग्यसेविकांना लसीकरणाच्या कामातून काढून घरोघरच्या सर्वेक्षणाला लावलं. किरकटवाडी, नांदेड, नांदोशी, धायरी, खडकवासला, म्हणजे सिंहगड रस्त्याचा सगळा पट्टा. माझ्याबरोबर तिथलीच एक आशाताई होती. तिला तिथली गल्ली न् गल्ली पाठ. मी दुसऱ्या भागातली, त्यामुळे दिवसभर तिच्या मागून चालायचं आणि फॉर्म भरायचे.

फॉर्मवरचे प्रश्न साधे होते. गेल्या महिन्यात घरात कुणाला जुलाब-उलट्या झाल्या का? हातापायाला मुंग्या येतात का? जिना चढायला, उठायला-बसायला त्रास होतो का? गिळताना ठसका लागतो का? प्यायचं पाणी कुठलं, नळाचं, टँकरचं, बोअरचं की विकतच्या जारचं? शेवटी नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट. ही टेस्ट सोपी असते. क्लोरोस्कोपच्या नळीत खुणेपर्यंत पाणी घ्यायचं, ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकायचे, हलवायचं आणि दहा सेकंदांच्या आत रंग बघायचा. पिवळा झाला तर पाण्यात मोकळा क्लोरीन शिल्लक आहे. शेजारच्या रंगपट्टीशी जुळवून किती ते लिहायचं. शेवटच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम हवा, साथीच्या दिवसांत ०.५ असला तर उत्तम. पाणी पांढरंच राहिलं तर रकान्यात ‘निगेटिव्ह’. इतर कुठल्याही तपासणीत निगेटिव्ह म्हटलं की माणसाला हायसं वाटतं. इथे मात्र तीच वाईट बातमी असते, आणि हे प्रत्येक घरात समजावून सांगावं लागायचं.

लोक घाबरलेले होते. महिनाअखेरीपर्यंत संशयित रुग्णांचा आकडा शंभरच्या पुढे गेला होता आणि त्यातले काही व्हेंटिलेटरवर होते. एरवी हा आजार वर्षाला लाखात एखाद-दुसऱ्याला होतो, आणि इथे एकाच पट्ट्यात इतके! ‘करोनासारखं पसरतं का?’ हा प्रश्न दर दुसऱ्या दारात. एका इमारतीत रुग्णाच्या घरच्यांना लिफ्ट वापरू नका म्हणून सांगितलेलं ऐकलं आणि मला फार वाईट वाटलं. जीबीएस एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. आधी पोटाचा किंवा श्वसनाचा संसर्ग होतो, तो बरा झाल्यासारखा वाटतो आणि मग एक ते तीन आठवड्यांनी पाय ढिले पडायला लागतात. आपण मजल्या-मजल्यावर हे सांगत सुटायचं आणि आपण पुढच्या मजल्यावर जाईपर्यंत खाली व्हॉट्सॲपवर भलतंच काही फिरत असायचं.

त्या दिवशी सकाळी पहिल्या सोसायट्यांत रंग बरा आला. मुख्य लाइनीजवळच्या घरांत छान पिवळा. आतल्या रस्त्याला वळलो तसा तो फिका पडत गेला आणि टेकाडाच्या बाजूच्या टोकाला सलग तीन ठिकाणी पाणी पांढरं. या भागाला धरणाजवळच्या विहिरीचं पाणी क्लोरीन टाकून यायचं. यातली बरीच गावं २०२१ मध्ये महापालिकेत आली, पण इमारती त्याच्याही आधीपासून भराभर उभ्या राहत होत्या. पाणी पुरत नाही म्हणून टँकर, टँकर परवडत नाही म्हणून बोअर, आणि सगळं एकाच जमिनीखालच्या टाकीत. विहिरीवर टाकलेला क्लोरीन टाकीतल्या गाळाशी, शेवाळाशी झुंजण्यातच संपतो. तिथून पुढे माणसाला काय मिळतं ते फक्त त्या टाकीवरच्या नळाला कळतं.

दुपारी आम्ही एका मोठ्या सोसायटीत पोचलो. नाव लिहीत नाही. वरच्या सगळ्या फ्लॅटमध्ये प्युरिफायर. ओटी निगेटिव्ह आली तरी तिथल्या वहिनी म्हणाल्या, “आम्ही फिल्टरचंच पितो हो, नळाचं कोण पितंय?” खरंच होतं ते. सगळे मजले करून खाली उतरलो तेव्हा आशाताई म्हणाली, “ताई, वॉचमनचं घर राहिलं.” गेटच्या बाजूला पत्र्याची खोली होती. टाकीच्या झाकणाला लागूनच. त्यांचा नळ थेट टाकीच्या पंपावरून घेतलेला.

आत नवरा-बायको आणि दोन पोरं. लातूरकडचे. तो बाजेवर भिंतीला टेकून बसला होता. मी फॉर्म काढला.

“घरात कुणाला जुलाब झाले होते का, वहिनी?”

“ह्यास्नीच झालते की पंधरा दिवसामागं. मेडिकलातून गोळ्या आणल्या, बरं झालं.”

“आणि आता? हातापायाला मुंग्या वगैरे?”

त्यावर तोच बोलला. “काई नाई ताई, थंडीनं पाय आखडलेत. रात्रपाळी असती ना. काल पहाटंपासून उठता येईना गेलंय.”

जानेवारीतली थंडी होतीच, आणि रात्रभर गेटवर बसणाऱ्या माणसाचे पाय आखडणं यात नवल काही नाही. पण आखडलेला माणूस पाय चोळत असतो, हलवत असतो. याचे पाय नुसते पडलेले होते. मी म्हटलं, “दादा, हाताचा टेका न घेता उठून दाखवा.” त्यानं दोनदा जोर लावला. कंबर वर आलीच नाही. चवड्यांवर उभं करायला बायकोनं काखेत धरलं तर टाचा जमिनीवरून सुटेनात. दोन्ही पायांचं सारखंच. लकव्यात एक बाजू जाते, इथे दोन्ही बाजूंची शक्ती पायांपासून वरपर्यंत कमी होत चालली होती. माझी दोन बोटं त्याच्या मुठीत दिली आणि दाबायला सांगितलं. एरवी जड जड झाकणं उचलणारा माणूस, पण मला बोटं सहज काढून घेता आली.

मी बाहेर येऊन आमच्या डॉक्टर मॅडमना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून एवढंच विचारलं, “एका दमात किती आकडे मोजतो?” मी आत जाऊन त्याला पूर्ण श्वास घ्यायला लावला आणि मोठ्यानं मोजायला सांगितलं. धडधाकट माणूस एका दमात चाळीसच्या पुढे सहज जातो. तो सतरावर थांबला. आवाजही जरा नाकातून येत होता. मॅडम म्हणाल्या, “वीसच्या आत आहे. एकशे आठ बोलव. चालवू नकोस त्याला. पाणीसुद्धा पाजू नकोस, ठसका लागेल. मी खाट बघते.”

रुग्णवाहिका येईपर्यंतचा वेळ मला अजून आठवतो. त्याची बायको शांत होती, पण हळूच मला बाजूला घेऊन म्हणाली, “ताई, त्या इंजेक्शनाचं टीव्हीत दावत होते. वीस हजाराला एक. आमच्याच्यानं होईल का?” मी तिला सांगितलं की सरकारनं या आजाराचा उपचार मोफत करायचं जाहीर केलंय, महात्मा फुले योजना आहे, रेशन कार्ड आणि आधार बरोबर घे. ती पत्र्याच्या पेटीतून कागद काढत असताना मी मनात हिशेब करत होते. त्या इंजेक्शनाचा, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिनचा, डोस वजनावर असतो, किलोमागे दिवसाला ०.४ ग्रॅम, असे पाच दिवस. पंचावन्न किलोच्या माणसाला ११० ग्रॅम. पाच ग्रॅमची बाटली धरली तर बावीस बाटल्या. चार लाखांच्या वर. हजारो लोकांनी दिलेल्या रक्तातून ते औषध काढतात, म्हणून ते महाग असतं आणि वाया घालवण्यासारखं नसतं.

तिनं मला विचारलं होतं की जुलाबाचा आणि पायाचा काय संबंध. तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते. या साथीत काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत पुण्याच्याच राष्ट्रीय विषाणू संस्थेला कॅम्पायलोबॅक्टर जेजुनाय हा जंतू सापडला, काहींत नोरोव्हायरस. कॅम्पायलोबॅक्टर दूषित पाण्यातून येतो, कच्च्या राहिलेल्या चिकनमधून येतो. त्याच्या आवरणावरचे काही रेणू आपल्या नसांवरच्या रेणूंसारखे दिसतात. शरीर जंतूवर हल्ला करायला प्रतिपिंडं तयार करतं आणि तीच नसांवर जाऊन पडतात. वायरचं प्लॅस्टिक सोलल्यावर करंट नीट जात नाही, तसं होतं. काहींत आतली तारसुद्धा दुखावते, आणि मग भरून यायला महिनेच्या महिने लागतात. जंतू पोटात गेलेल्या हजारात एखाद्यालाच हे होतं. १९१६ मध्ये गियाँ, बारे आणि स्ट्रोल या फ्रेंच डॉक्टरांनी दोन सैनिकांमध्ये याचं वर्णन केलं, म्हणजे आजार शंभर वर्षांहून जास्त काळ माहीत आहे. नवा विषाणू वगैरे काही नाही. उपचार आहेत, आणि ते लवकर सुरू झाले तर उपयोग जास्त.

गाडी आली. आशाताईनं पोरांना आपल्या घरी नेलं. दोघं गाडीत बसली आणि मी टाकीकडे वळले.

त्यांच्या नळाची ओटी अजून करायची होती. पांढरी. मी निर्जंतुक बाटलीत नमुना घेतला. त्या बाटलीत सोडियम थायोसल्फेट असतं, म्हणजे क्लोरीन असलाच तर त्याचा परिणाम तिथेच थांबतो आणि पाणी भरलं त्या घडीला जसं होतं तसं प्रयोगशाळेला कळतं. नमुना शीतपेटीत टाकला. मग चेअरमन काकांना खाली बोलावलं.

काका भले गृहस्थ. बँकेतून निवृत्त. त्यांनी वही आणून दाखवली, टाकी पावसाळ्यापूर्वी धुतल्याची नोंद होती. म्हणाले, “वरून क्लोरीन टाकूनच येतं ना पाणी? आणि प्रत्येकाकडे फिल्टर आहे. आणखी काय करायचं सोसायटीनं?” मी त्यांच्या हातात नळी दिली. वॉचमनच्या नळाचं पाणी स्वतः भरा, थेंब स्वतः टाका म्हटलं. त्यांनी टाकले. रंग आला नाही. मग ते पत्र्याच्या खोलीकडे बघत म्हणाले, “यांच्याकडे फिल्टर नाही, हे कधी डोक्यातच आलं नाही.”

मला त्यांच्यावर राग नव्हता. पण हीच गोष्ट मी तेव्हापासून प्रत्येक बैठकीत बोलत आले आहे. ज्यांना परवडतं त्यांनी घरात यंत्र बसवलं, आणि मग टाकीत काय आहे याकडे बघणारं कुणी उरलं नाही. वॉचमन, घरकामाच्या मावश्या, शेजारच्या बांधकामावरचे मजूर, गेटवर पाणी मागणारा पार्सलवाला, हे सगळे त्या टाकीचंच पाणी पितात. नळातून येणारा क्लोरीन हे एकच संरक्षण असं आहे की जे माणसाचा पगार विचारत नाही. आणि ते किती स्वस्त आहे! १,००० लिटरला साधारण अडीच ग्रॅम टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग, पावडर लागते. त्या सोसायटीची टाकी २०,००० लिटरची, म्हणजे ५० ग्रॅम. बावीस बाटल्यांच्या शेजारी ही ५० ग्रॅम ठेवून बघावीत.

त्याला याच टाकीतून आजार लागला असं मी छातीठोकपणे म्हणत नाही. जुलाब होऊन पंधरा दिवस उलटले होते, तेव्हाचं पाणी आता कुठे सापडणार? नमुन्याचा अहवाल मात्र ‘पिण्यास अयोग्य’ असाच आला. आणि अयोग्य पाणी पिऊन कुणी आजारी पडेपर्यंत थांबायचं कशासाठी?

काकांनी त्याच संध्याकाळी पंप बंद करवला. दुसऱ्या दिवशी टाकी उपसली, खाली बोटभर गाळ निघाला. घासून, धुऊन पुन्हा भरली. पावडरचं पाणी कसं करायचं ते मी दाखवलं. बादलीत कालवायचं, गाळ खाली बसू द्यायचा, वरची निवळ टाकीत ओतायची आणि अर्धा तास कुणी पाणी घ्यायचं नाही. पावडरचं पोतं उघडं ठेवलं तर तिचा जोर उडून जातो, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायला सांगितलं. आता त्यांच्या वहीत टाकी धुतल्याच्या तारखेबरोबर ओटीचा रकाना आहे, आणि टेस्ट गेटवरच्या नळाला होते.

तो वाचला. दोन दिवस अतिदक्षता विभागात श्वासावर लक्ष ठेवून होते, पण नळी घालायची वेळ आली नाही. पाठीतलं पाणी तपासलं, नसांची तपासणी झाली, औषध त्याच रात्री सुरू झालं होतं. योजनेत खर्च बसला. साधारण तीन आठवड्यांनी तो वॉकर घेऊन घरी आला. पाठपुराव्याला गेले तेव्हा पावलं अजून लोंबत होती, चालताना गुडघा उंच उचलावा लागत होता. फिजिओथेरपिस्टनं दिलेले व्यायाम बायको रोज दोन वेळा करवून घेत होती. वरच्या टाकीची शिडी चढायला कधी जमेल, असं त्यानं मला विचारलं. काही महिने तरी नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, तेच मी पुन्हा सांगितलं.

त्याच्या जागी गेटवर ती बसत होती. सोसायटीनं तिला सुरुवातीला निम्मा पगार देऊ केला होता, बाई माणूस आणि रात्रपाळी नाही म्हणून. मी आणि आशाताई काकांकडे गेलो. दिवसभर गेट, पंप, कचरा आणि शिवाय आजारी नवरा, हे सगळं ती करते आहे, तर पगार पूर्ण द्या, म्हटलं. कमिटीच्या बैठकीत त्यांनी विषय मांडला आणि पुढच्या महिन्यापासून तिला पूर्ण पगार मिळायला लागला.