कात्री विकत घेणारा आणि कात्री चालवणारी

द्राक्षबागेत विरळणी चालू असताना बायका एकमेकींशी सतत बोलत असतात, पण एकमेकींकडे पाहत नाहीत. प्रत्येकीची नजर डोक्यावर लोंबणाऱ्या घडात अडकलेली असते. फळछाटणीनंतर साधारण दीड-दोन महिन्यांनी मणी ज्वारीच्या दाण्याएवढे झाले, की दाटीतले मणी लहान टोकदार कात्रीने काढून टाकावे लागतात, म्हणजे उरलेल्या मण्यांना फुगायला जागा मिळते. एका वेलीवर कितीतरी घड, एका घडात कितीतरी छाट, आणि हे सगळे मान मागे टाकून आणि दोन्ही हात वर धरून. मी तासगाव तालुक्यातच वाढले, त्यामुळे हे दृश्य डोळ्यांना इतके सवयीचे झाले होते, की त्यात काही प्रश्न दडलेला असेल असे कधी वाटलेच नाही. तो प्रश्न मला दिसला तो पुण्यात प्रॉडक्ट डिझाइन शिकायला लागल्यावर, आणि शेवटच्या वर्षाचा प्रकल्प निवडण्याची वेळ आली तेव्हा मी तो घेऊन आमच्याच मांडवाखाली परत आले.

पहिल्या वर्षी आम्हाला घरातल्या तांब्याचा अभ्यास करायला सांगितला होता. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी दांपत्याने 1958 मध्ये भारत सरकारला एक अहवाल दिला आणि त्या विचारातून 1961 मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. त्या अहवालात साध्या लोट्याबद्दल प्रश्नांमागून प्रश्न विचारलेले आहेत: तो कमरेवर कसा बसतो, डोक्यावर कसा तोलला जातो, भरलेला असताना आणि रिकामा असताना त्याचा तोल कुठे जातो, ओतताना धार कशी पडते. मला त्या वेळी आकाराचे कौतुक अधिक वाटले होते. पुढे अर्गोनॉमिक्स, म्हणजे काम आणि वस्तू माणसाच्या शरीराला जुळवून घेण्याचे शास्त्र, शिकताना लक्षात आले, की ते सगळे प्रश्न भांड्याइतकेच ते उचलणाऱ्या माणसाबद्दल होते. 'अर्गोनॉमिक्स' हा शब्द ग्रीक भाषेतल्या काम आणि नियम या अर्थांच्या दोन शब्दांपासून बनला आहे आणि यास्त्रझेम्बोव्स्की या पोलिश शास्त्रज्ञाने तो 1857 मध्ये वापरला होता. वस्तूचा वापर सुलभ आहे की नाही हे ठरवण्यासाठी जे आंतरराष्ट्रीय मानक आम्हाला शिकवले जाते, ते परिणामकारकता, कार्यक्षमता आणि समाधान या तीन कसोट्या सांगते. पण त्याआधी ते एक अट घालते, की या कसोट्या ठरावीक वापरकर्त्यांना, ठरावीक उद्दिष्टासाठी आणि ठरावीक परिस्थितीत लावायच्या असतात. कुणासाठी आणि कुठे, हे न सांगता 'ही कात्री चांगली आहे' असे म्हणता येत नाही. माझा सगळा प्रकल्प या एका अटीवर उभा आहे.

बागेत गेल्यावर मी पहिली चूक केली ती प्रश्न विचारण्याची. "मावशी, काम करताना हात दुखतो का?" असे मी विचारले आणि सगळ्याजणींकडून एकच उत्तर आले, "न्हाई गं, सवय झालीया." मी माझ्या वहीत 'त्रास नाही' असे लिहिणार होते. मात्र दुपारच्या जेवणाच्या वेळी भाकरीचा तुकडा मोडताना एकीची बोटे थरथरत होती, दुसरी एका हाताने आपली मान दाबत होती, आणि त्यांचे उत्तर व त्यांचे शरीर दोन वेगळ्या गोष्टी सांगत होते. मानवी शरीराचे चित्र दाखवून दुखरा भाग दाखवायला सांगण्याची एक पद्धत कॉर्लेट आणि बिशप यांनी 1976 मध्ये मांडली आहे. मी ती वापरली, पण प्रश्न बदलला. मी विचारले, "रात्री तेल कुठं चोळता?" आणि मग एकेकीने चित्रावर बोट ठेवले: मानेची मागची बाजू, उजवा खांदा, अंगठ्याचे मूळ, आणि पुष्कळ जणींनी पोटऱ्या. प्रश्न बदलल्याने माणूस बदलत नाही. पण ज्या गोष्टीला तक्रार म्हणायची त्यांची तयारी नव्हती, ती गोष्ट तेलाच्या वाटीबरोबर सहज बाहेर आली.

त्यानंतर मापे घेतली. विद्यापीठातून आणलेल्या अँथ्रोपोमीटरने मी त्यांची उभी उंची, डोळ्यांची उंची, हात वर केल्यावर मुठीची पोहोच, तळव्याची रुंदी आणि अंगठा व तर्जनी यांच्यातला फैलाव मोजला. आमच्या मळ्यावरच्या बायकांची संख्या इतकी लहान होती, की त्यावरून काही सिद्ध होणार नव्हते, म्हणून ती मापे मी छापील तक्त्यांशी ताडून पाहिली. देबकुमार चक्रवर्ती यांनी संकलित केलेली भारतीय शरीरमापे राष्ट्रीय डिझाइन संस्थेने 1997 मध्ये प्रसिद्ध केली, आणि भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेने 2009 मध्ये शेतात काम करणाऱ्या स्त्री-पुरुषांची मापे आणि त्यांची ताकद यांचे तक्ते काढले. हे तक्ते आहेत म्हणून आमच्यासारख्या विद्यार्थ्यांना युरोपातल्या हातांवरून तासगावच्या हातांचा अंदाज बांधावा लागत नाही, आणि त्या कामामागच्या माणसांबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते.

या तक्त्यांतून सरासरी काढून त्या सरासरीसाठी वस्तू बनवावी, असा मोह सुरुवातीला होतो. तो मोडण्यासाठी अमेरिकी हवाईदलातल्या गिल्बर्ट डॅनियल्स यांचे 1952 चे काम शिकवतात. त्यांनी 4063 वैमानिकांची दहा मापे तपासली आणि दहाही मापांत सरासरीच्या आसपास बसणारा एकही वैमानिक त्यांना सापडला नाही. म्हणून आम्ही टोकांकडून विचार करायला शिकतो: जिथे हात पोहोचायला हवा तिथे सर्वांत बुटक्या पाच टक्क्यांतली व्यक्ती डोळ्यांसमोर ठेवायची, आणि जिथून डोके वाचवून जायचे आहे तिथे सर्वांत उंच पाच टक्क्यांतली. द्राक्षाच्या मांडवात या दोन्ही अटी एकाच तारेवर येऊन भिडतात. मांडवाची उंची ठरते ती खालून ट्रॅक्टर आणि फवारणीचा ब्लोअर जावा म्हणून. आणि त्याच उंचीवरच्या घडापर्यंत पोहोचायचे असते आमच्या बागेतल्या सर्वांत बुटक्या आक्कांना. वाय पद्धतीच्या, म्हणजे इंग्रजी Y अक्षरासारख्या आधारावर वेली चढवलेल्या बागेत घड त्यामानाने खाली, चेहऱ्यासमोर येतात, त्यामुळे तिथल्या बायका काम सोपे जाते असे सांगतात. पण उभ्या मांडवाचे लोखंड आणि तार मोडून वाय उभारा, असे कर्जात असलेल्या शेतकऱ्याला सांगणे हे माझ्या अभ्यासक्रमाचे उत्तर होऊ शकत नाही.

काम किती कष्टाचे आहे हे आकड्यांत मांडण्यासाठी मी रुला ही पद्धत वापरली. मॅकअॅटॅमनी आणि कॉर्लेट यांनी ती 1993 मध्ये मांडली. शरीराच्या प्रत्येक भागाच्या कोनाला गुण द्यायचे आणि तक्त्यांवरून 1 ते 7 मधला एक अंतिम आकडा काढायचा. 7 आला तर तपास आणि बदल ताबडतोब करा, असा त्याचा अर्थ. दंड 90 अंशांच्या वर गेला की त्याला सर्वाधिक मूळ गुण मिळतात, आणि मान पुढे कितीही वाकली तरी जेवढे गुण मिळत नाहीत तेवढे ती मागे टाकल्यावर मिळतात. विरळणीत या दोन्ही गोष्टी एकाच वेळी आणि तासन्‌तास घडतात. मी व्हिडिओ थांबवून कोन मोजले आणि बहुतेक चित्रांचा आकडा 7 आला. त्यामागचे शरीरशास्त्र समजायला कठीण नाही: चालताना स्नायू आकसतात आणि सैल पडतात, त्या लयीत रक्त ये-जा करते, पण हात वर धरून ठेवला की खांद्याचा स्नायू आकसलेलाच राहतो, त्यातल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, आणि प्राणवायू कमी पडून थकवा साचत जातो. कात्रीचे वजन काही ग्रॅम असले तरी तिच्याबरोबर अख्खा हात उचलून धरावा लागतो, आणि हाताचे वजन कोणत्याही डिझाइनने कमी होत नाही. कात्रीचाच प्रकल्प करायचा म्हणून मी आले होते. पण अर्धा प्रकल्प पायांखालच्या जमिनीचा आहे, हे या आकड्याने मला शिकवले.

पायांखालची जमीन म्हणजे बोद, मातीचा उंच वरंबा. वेली उंच बोदावर असतात आणि शेजारी सरी खोल असते, त्यामुळे घडाजवळ जायचे तर एक पाय बोदाच्या उतारावर आणि दुसरा सरीत ठेवावा लागतो, आणि कंबर दिवसभर एका बाजूला कललेली राहते. बुटक्या बायका माल भरायचे प्लॅस्टिकचे क्रेट पालथे घालून त्यावर उभ्या राहतात. हा त्यांनी स्वतः शोधलेला उपाय आहे आणि तो बरोबर आहे: वीतभर उंची मिळाली की हात खांद्याच्या पातळीला येतो आणि मान सरळ होते. पण क्रेटच्या फासळ्या तळव्यांना रुततात, उतारावर तो डगमगतो आणि ठिबकची नळी त्याच्याखाली चेंगरते. मी केलेली घोडी म्हणजे त्या क्रेटचीच सुधारित आवृत्ती आहे. तिचे बोदाकडचे पाय आखूड आणि सरीकडचे लांब आहेत, वर पाटासारखी सपाट फळी आहे, आणि दर काही मिनिटांनी ती पुढे सरकवायची असल्याने बाजूला पायाच्या चवड्याने ओढता येईल अशी पट्टी आहे. पहिली घोडी जड झाली. दुपारनंतर ती बांधावर पडलेली दिसली आणि बायका पुन्हा क्रेटवर उभ्या होत्या. त्यांनी मला काही सांगितले नाही, आणि त्यांनी सांगण्याची गरजही नव्हती.

कात्रीकडे वळताना मी बागेतल्या सगळ्या कात्र्या एका पोत्यावर मांडल्या. बहुतेकींच्या मुठीला काहीतरी गुंडाळलेले होते: साडीची चिंधी, सायकलच्या ट्यूबची पट्टी, एका कात्रीला तर बांगडीच्या आत घालतात तसली दोऱ्याची वीण. प्रत्येक गुंडाळी म्हणजे मूळ वस्तूत राहिलेली एकेक उणीव होती आणि ती भरून काढणारी व्यक्ती कारखान्यापर्यंत कधीच पोहोचलेली नव्हती. मी त्या चिंध्यांची जाडी मोजली, कारण मुठीचा व्यास किती असावा हे कोणत्याही पुस्तकाआधी त्यांनीच ठरवलेले होते.

आणि इथेच मला या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट कळली. मी एका मावशींना विचारले, की कात्री निवडताना तुम्ही काय बघता. त्या म्हणाल्या, "आमी कुठं निवडतो? मालक आणतो ती धरायची." आमच्या बागेचे मालक माझे बाबा आहेत. ते तासगावच्या बाजारातून डझनाने कात्र्या आणतात, पाते कागदावर चालवून पाहतात, स्प्रिंग दाबून पाहतात, भाव करतात, आणि त्यांच्या दृष्टीने नीट पारखून आणतात. पण दुकानाच्या फळीवर ती कात्री त्यांच्या रुंद तळव्यात काही क्षण असते, आणि नंतर आक्कांच्या लहान हातात सात-आठ तास. आम्हाला शिकवले जाते, की वापरकर्त्याला केंद्रस्थानी ठेवा. पण शेतीच्या अवजारांत पैसे देणारा हात आणि वस्तू धरणारा हात एकाच माणसाचा नसतो, आणि कारखानदार साहजिकच पैसे देणाऱ्या हाताच्या मापाने वस्तू बनवतो. खुरप्यापासून फवारणीच्या पंपापर्यंत मला आता सगळीकडे हेच दिसते.

प्रकल्पाच्या मधल्या परीक्षणात एका बाहेरच्या परीक्षकांनी नेमके हेच विचारले: मान दुखत नाही म्हणून शेतकरी जास्त पैसे का देईल? मी उत्तर दिले, की थकलेला हात चुकतो, कात्रीचे टोक शेजारच्या मण्याला लागते, जखमी मणी सडतो आणि घडाची प्रत उतरते. हे उत्तर खरे आहे आणि बाबांनाही ते पटले. तरीही ते देताना मला वाईट वाटले, कारण एका बाईची मान हे पुरेसे कारण आहे असे म्हणण्याऐवजी मी तिच्या मानेची किंमत द्राक्षाच्या भावात लावून दाखवत होते. डिझाइनच्या शिक्षणाने मला दोन्ही भाषा बोलता यायला हव्यात हे मी मान्य करते. पहिली भाषा विसरू नये, एवढाच माझा आग्रह आहे.

मुठीचे नमुने मी आधी शाडूत केले. ओली शाडू हातात देऊन "घड कापताना धरता तशी धरा" असे सांगितले, की बोटांचे ठसे स्वतःच आकार काढून देतात. त्यावरून फोमचे आणि मग थ्री-डी प्रिंटरवर छापलेले नमुने केले. मनगट वाकवण्यापेक्षा अवजार वाकवावे, या जुन्या तत्त्वाप्रमाणे पात्याला मुठीपासून थोडा कोन दिला, त्यामुळे वर पाहून कापतानाही मनगट सरळ राहते. काम उक्ते असेल तर नमुना तपासण्यात गेलेली प्रत्येक मिनिट त्यांच्या मजुरीतून जाते, म्हणून तपासणीच्या दिवसांचा पूर्ण रोज मी प्रकल्पाच्या खर्चात धरला. संशोधनाची संमती कागदावर सही घेऊन मिळते असे नियम सांगतो; पण बुडालेला रोज भरून दिल्याशिवाय ती संमती मोकळ्या मनाची राहील असे मला वाटत नाही.

एक गोष्ट मात्र तपासणीपर्यंत माझ्या नजरेतून सुटली होती. एक काकू माझा नमुना दोन घडांनंतर परत करत म्हणाल्या, "माझ्या हातात ही उलटी चालती." त्या डावखुऱ्या आहेत. उजव्या हाताच्या कात्रीची पाती डाव्या हातात आपोआप एकमेकांपासून दूर दाबली जातात आणि कापायची रेघ वरच्या पात्याआड लपते, त्यामुळे त्या आयुष्यभर आंधळेपणाने अंदाजाने मणी कापत आल्या होत्या, आणि डझनाच्या खोक्यात त्यांच्यासाठी कधीच काही नव्हते. माझ्या मुठीचा बोटांसाठीचा खोलगटपणाही फक्त उजव्या हाताचा होता. येत्या ऑक्टोबरमध्ये आमची फळछाटणी आहे, म्हणजे विरळणीला अजून वेळ आहे. तोवर उलट्या पात्यांच्या दोन कात्र्या आणि वजनाने हलकी दुसरी घोडी तयार करायची आहे, आणि या वेळी कात्र्या आणायला बाजारात जाताना बाबा काकूंनाही बरोबर नेणार आहेत.